सात जागांची बेरीज

माझ्या भावाच्या अंगावरच्या सात जागा मला माझ्या शिलाई मशीनच्या सुट्या भागांपेक्षा जास्त पाठ होत्या. छातीवरची तिरकी घडी, काखेखालची, दंडाच्या मागची, पाठीवर खांद्याच्या हाडाखालची, बेंबीशेजारची, कमरेच्या हाडावरची आणि मांडीच्या मधोमध. सगळ्या उजव्या बाजूच्या. नऊ वर्षं दर रविवारी सकाळी सहा वाजता, त्याने काही खाण्याआधी आणि अंघोळीआधी, त्याला सदरा काढून बसवून मी त्या सात जागा चिमटीत धरल्या आणि त्यांची जाडी वहीत लिहिली. बहिणी भावांचं काय काय करतात. मी माझ्या भावाची चरबी मोजली.

व्यायामशाळेत त्याला छटाक म्हणत, कारण उंची पाच फूट दोन इंच. हा छटाक दोनशे चाळीस किलोचा बार खांद्यावर घेऊन खाली बसायचा आणि उठून उभा राहायचा, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांची दातखीळ बसायची. पण नाव काही बदललं नाही. त्यालाही ते आवडत असावं. ओळख करून देताना तो स्वतःच सांगायचा, "मी छटाक," आणि समोरचा हसायची वाट बघायचा.

त्याचं काम वजनकाट्यांचं. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि नसेल त्याला लाल अक्षरांत 'बाद' लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधायची. त्याच्या पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली असत. त्यांना तो उघड्या बोटांनी शिवायचा नाही, बोटांच्या घामानेसुद्धा वजन वाढतं म्हणे. एकदा मी त्यातलं एक उचलून कापड उडू नये म्हणून वर ठेवलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पाहुणे म्हणून कुणाकडे गेलो तरी हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काट्याकडे संशयाने बघत बसायचा. चहा पिता पिता विचारायचा, "हा कधी तपासून घेतलाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरात आम्ही दोघंच. आईवडील गेलेले, मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि माझा संसार तीन वर्षांत आटोपला. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत त्याचा पलंग, मध्ये स्वयंपाकघर. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "ताई, आधी संघात नाव येऊ दे."

त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं. पॉवरलिफ्टिंगच्या राष्ट्रीय संघात नाव. दर वजनगटातून तिघे जातात. हा तीन वेळा चौथा आला. तीन वेळा घरी येऊन बूट काढताना म्हणाला, "चौथा." तिसऱ्या वेळी तर मी विचारलंही नाही, बूट काढायची पद्धतच बघितली आणि ताट वाढलं. आता तो एकोणचाळीस वर्षांचा होता. चाळीस झाली की निवड समिती माणसाला प्रौढांच्या गटात ढकलते. तो त्याला जिवंतपणी भिंतीवरच्या तसबिरीत बसवणं म्हणायचा. म्हणजे उरलं एक वर्ष.

आता चिमट्याबद्दल सांगते. चरबी मोजायचं ते यंत्र असतं, त्याला दुसरंच काही नाव आहे, आम्ही चिमटा म्हणायचो. दोन जबडे, मध्ये स्प्रिंग, वर घड्याळासारखी तबकडी. कातडीची घडी डाव्या हाताच्या बोटांत धरायची, तिच्याशेजारी जबडे सोडायचे, दोन म्हणेपर्यंत थांबायचं आणि आकडा वाचायचा. असं तीन वेळा, आणि मधला आकडा वहीत. त्याला पहिलं पदक मिळालं तेव्हा त्याच्या सरांनी तो चिमटा बक्षीस दिला होता. सर म्हणजे व्यायामशाळेचे प्रशिक्षक. त्यांच्या स्वतःच्या पोटाला कुणी चिमटा लावला असता तर तबकडीवरचे आकडे संपले असते, पण शिष्यांच्या चरबीवर त्यांची नजर करडी. त्यांनीच सांगितलं, "मोजणारा हात एकच पाहिजे. हात बदलला की आकडा बदलतो." पाठीची घडी काही स्वतःची स्वतःला धरता येत नाही. त्यामुळे हात माझा ठरला.

पहिल्या वर्षी माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. त्या चिमट्याची पकड अशी की मांडीला लावला की हा एवढा मोठा गडी "स्स" करायचा, आणि दोन लाल ठसे संध्याकाळपर्यंत अंगावर. मी म्हणायचे, "नको रे, दुखतंय तुला." तो म्हणायचा, "ताई, मोज." सवयीने माझा हात बसला. शिंप्याचाच हात तो, कापड किती धरायचं आणि किती सोडायचं हे त्याला सांगावं लागत नाही.

चिमट्याची निगा मात्र त्याची. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी तो पेटीतला दहा मिलिमीटरचा पितळी ठोकळा काढायचा, जबड्यांत धरायचा आणि तबकडी दाखवायचा. बरोबर दहा. "बघ. केसभर फरक नाही." मग तो ठोकळा तसाच जबड्यांत ठेवून चिमटा डबीत बंद करायचा. रविवारी मोजून झालं की पुन्हा ठोकळा आत. नाजूक काटे कधी मोकळे ठेवायचे नसतात, धक्क्याने त्यांचा शून्य हलतो, असं त्यांच्या कामात शिकवतात. मी काय बोलणार? मला त्यातलं काय कळत होतं!

त्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला सर घरी आले. खुर्चीत बसले, वही मागून घेतली, पानं चाळली.

"त्र्याऐंशी किलोच्या गटात तू आयुष्यभर चौथाच येणार," सर म्हणाले. "चौऱ्याहत्तरच्या गटात उतर. हीच वजनं तिथे उचललीस तर डोळे झाकून संघात."

"सर, माझं वजन ऐंशी आहे. सहा किलो गेले तर ताकद नाही जाणार?"

"ताकद कशाला जाईल? ही बघ बेरीज, चौसष्ट. सात जागा मिळून चौसष्ट मिलिमीटर. आपला नियम काय? पन्नासपर्यंत जे जातं ते सगळं लोणी. पन्नासला थांबायचं, त्याखाली मांस जातं. तुझ्याजवळ चांगलं चौदा मिलिमीटर लोणी आहे."

मी चहा ठेवत होते. मी म्हटलं, "सर, उघड्या डोळ्यांनी बघितलं तर ह्याच्या अंगावर लोणी कुठे दिसतंय?"

सर हसले. "ताई, डोळ्यांनी मोजता आलं असतं तर यंत्रं कशाला काढली असती?"

छटाकही हसला. काट्यावाल्यासमोर असं बोलल्यावर त्याने आणखी काय करायचं?

मग सुरू झाली ती उपासमार. तिला ते दोघे 'कटिंग' म्हणायचे. भात मोजून, अंडी मोजून, तेल चमच्याने. पितळी वजनं, ज्यांना मी हात लावला म्हणून अबोला धरला होता, ती आता स्वयंपाकघरात माझ्या भातासमोर मांडलेली. दोन महिन्यांत त्याच्या पँटींची कंबर मी एकदा आत घेतली. आणखी दोन महिन्यांनी पुन्हा घेतली. वहीत बेरीज चौसष्टवरून साठ. मग एकोणसाठ. मग कितीतरी रविवार एकोणसाठच.

"अजून नऊ मिलिमीटर," तो म्हणायचा आणि ताटातला भात परत पातेल्यात टाकायचा.

एके दिवशी त्याची पँट शिवणीखाली घेताना मी टेप लावून बघितला. त्याच्या सगळ्या मापांचं माझ्याकडे वेगळं पान आहे, गिऱ्हाइकांच्याच वहीत. मांडीचा घेर अडीच इंच कमी. कंबर कमी झाली तर समजू शकते, पण ही मांडी म्हणजे त्याची सगळी कमाई होती.

"हे बघ," मी म्हटलं, "चरबी नाही जात तुझी. मांडीच जातेय."

"ताई, टेपला चरबी आणि मांस यातला फरक कळतो का?"

"नाही कळत."

"चिमट्याला कळतो. चिमटा म्हणतोय चरबी आहे."

"मग चिमटा खोटं बोलत असेल."

तो उठला, डबी आणली, ठोकळा जबड्यांतच होता. तबकडी माझ्या नाकासमोर धरली. बरोबर दहा. "मी रोज लोकांचे काटे बाद करतो. माझ्याच घरात खोटा काटा ठेवीन?" चेहरा असा झाला होता की मी शब्द गिळला. एवढी धास्ती घेण्याचं मला काही कारण नव्हतं. मी मोठी होते. एक थोबाडीत देऊन ताट पुढे सरकवायला हवं होतं.

तो चिडचिडा झाला. उन्हाळ्यातही अंगावर शाल घेऊन बसायचा. माझ्या जेवणाकडे बघू नये म्हणून मी मशीनपाशी पाठ करून जेवायला लागले. दोनशे चाळीसचा बार आधी दोनशे पंचवीस झाला, मग दोनशे दहा. सर म्हणाले, "डोक्यातली भीती आहे. वहीत बघ, अजून चरबी आहे. म्हणजे मांस शाबूत आहे. म्हणजे ताकद शाबूत आहे." किती सरळ हिशोब! पायरीला पायरी जुळत होती, फक्त 'अजून चरबी आहे' ही पहिलीच खोटी होती.

स्पर्धेच्या सकाळी त्याचं वजन त्र्याहत्तर किलो आठशे भरलं. वही सांगत होती पंचावन्न. पन्नास काही शेवटपर्यंत आलेच नाहीत. म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे थांबायची वेळ एकदाही आली नाही.

मी पहिल्यांदाच त्याची स्पर्धा बघायला गेले होते. मोठं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, मंचावर तीन पंच आणि त्यांचे तीन दिवे. तीन प्रयत्न मिळतात, त्यातला एक तरी मान्य व्हावा लागतो, नाहीतर माणूस स्पर्धेतून बाहेर. पहिलं वजन दोनशे पाच. दोन वर्षांपूर्वी तो एवढ्याने अंग गरम करायचा. खाली बसला आणि उठताना मध्येच अडकला. लाल दिवे. दुसऱ्यांदा तेच वजन, त्याच जागी अडकला. माझ्याशेजारी बसलेला कुणीतरी म्हणाला, "हाच का तो छटाक?" आणि मी असं काही त्याच्याकडे बघितलं की तो उठून दुसरीकडे गेला. तिसऱ्यांदा हा खाली बसला तो उठलाच नाही. मांडीतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, बाजूच्या चौघांनी बार धरला, आणि माझा भाऊ मंचावर गुडघा धरून बसून राहिला. सर पाठीमागून आले आणि म्हणाले, "जिगर कमी पडली." एवढंच म्हणाले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

मांडीचा स्नायू हाडापासून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. टाके सुकल्यावर व्यायाम करून घ्यायला त्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे न्यायचे मी. तरुण होत्या, खेळाडूंचंच काम करायच्या, बोलणं फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला उभं केलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पोटभर शेवटचं कधी जेवलात?"

"आता जेवतो," तो म्हणाला. तीन आठवडे घरी बसून मी त्याला खायला घालत होते.

बाईंनी खणातून त्यांचा चिमटा काढला. मी सवयीने उठले, म्हटलं, "मी मोजू का? ह्याला माझा हात लागतो." त्या हसल्या, "नको, बसा." सातही जागा त्यांनी झपाझप घेतल्या. पाठीला लावला तेव्हा त्याने "स्स" केलं.

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या. "खाल्ल्यावर एकेचाळीस. तेव्हा किती असेल? अहो, तुमच्या अंगावर जाळायला काही नव्हतंच. तुम्ही स्वतःलाच खाल्लंत."

"माझ्या वहीत पंचावन्न होते."

"मग तुमचा चिमटा ढिला झाला असेल."

"दर वर्षी तपासतो मी. पितळी ठोकळ्यावर." त्याचा आवाज चढला. "माझं कामच ते आहे."

"ठोकळ्यावर?" त्या म्हणाल्या. "पितळ दाबलं जातं का?"

बाई सरळपणाने समजावत राहिल्या. काटा नुसता वजन घेतो. चिमटा दाबतो. ठोकळा कसाही धरा, दहाचा दहाच. कातडी मऊ असते, पकड ढिली झाली की ती कमी दबते आणि जाड दिसते. स्प्रिंग थकली की सुकलेला माणूससुद्धा चरबीवाला निघतो. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. खांद्याच्या हाडाखाली दोन लाल ठसे उमटले होते, शेजारी शेजारी. घरी असे ठसे उमटायचे थांबल्याला किती वर्षं झाली होती? तीन? चार? एका रविवारी ते उमटले नाहीत आणि मला बरं वाटलं होतं. सुटला बिचारा, म्हटलं होतं, कातडी सरावली. आणि वहीत आकडा लिहून चहा ठेवायला गेले होते.

घरी आल्यावर त्याने कुबड्या भिंतीला लावल्या आणि डबी मागितली. ठोकळा काढला. डबीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद होता, नऊ वर्षं तिथेच. हा माणूस लोकांच्या काट्यांची पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. सरांनी दिलेल्या वस्तूचं पत्रक वाचणं त्याला अपमान वाटला असावा. आता वाचलं. स्प्रिंगची पकड दर वर्षी वजन टांगून तपासावी, नऊशे ग्रॅमला जबडे उघडावेत, आणि यंत्र नेहमी जबडे मिटवून ठेवावं.

त्याने चिमटा टेबलाच्या कडेला आवळला आणि खालच्या जबड्याला दोरा बांधून एकेक पितळी वजन टांगायला सुरुवात केली. उघड्या बोटांनी. चारशे ग्रॅमला जबडे उघडले.

"ठोकळ्याने," तो म्हणाला. "मीच ताणून ठेवला."

मला सांगता आलं असतं. इलास्टिक रिळावर ताणून गुंडाळून ठेवलं की त्याचा जीव जातो, हे मी शिवणकाम शिकले त्या पहिल्या महिन्यापासून जाणते. नऊ वर्षं तो ताणलेला चिमटा माझ्या डोळ्यांसमोर डबीत जात होता. पण ते त्याचं क्षेत्र, त्याचं पितळ, त्याचा अभिमान, आणि मी नुसता हात. हात कशाला तोंड उघडतो!

त्याने पेटीतून 'बाद'ची चिठ्ठी काढली, चिमट्याला तारेने बांधली, तार पिळून टोक आत वळवलं, जसं दुकानातल्या काट्याला करतो तसं. मग वह्यांची चळत पुढ्यात घेतली. नऊ वह्या. शेवटून मागे मागे जात पानं उलटत राहिला. मी मशीनवर बसून एक शर्ट शिवत असल्याचं दाखवत होते. पाय चालत नव्हते.

"ताई," त्याने विचारलं, "पूर्वी ठसे उठायचे का गं? घरी मोजायचीस तेव्हा?"

मी सुईत दोरा ओवत होते. "आठवत नाही रे," मी म्हटलं.

मग त्याने सगळ्यांत खालची वही माझ्या मशीनच्या फळीवर आणून ठेवली, उघडून. एक कुबडी घेऊन चालत आला, तेवढ्यासाठी. पहिल्या वर्षाचं पान होतं. तेव्हा सरांनी सगळं लिहायला सांगितलं होतं म्हणून मी शेरा लिहायचा रकाना आखला होता. माझंच अक्षर, ठळक, गिऱ्हाइकांची मापं लिहिते तसं. 'दुखतं म्हणतो. लाल ठसे संध्याकाळपर्यंत.' खालच्या रविवारी, 'ठसे.' त्याच्या खाली, 'ठसे.' असे सव्वीस रविवार. मग कंटाळून मी रकाना आखणं बंद केलं होतं.

त्याने वही तिथेच ठेवली, कुबडी वळवली आणि मागच्या खोलीत गेला. पुढच्या रविवारी सहा वाजता मला जाग आली. मी उठून चहा केला आणि त्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. तो जागा होता, अंगात सदरा घालून, पार गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता.